उपरण्याखालचा हात

बंडीचे बंद बांधताना शालिकरामचा डावा हात गाठीपर्यंत पोचे, उजवा अर्ध्यावर थांबे. अंगठा आत वळलेला, बाकीची बोटं ताठ. तो त्या हाताकडे असा पाही, जणू शेजाऱ्याची वस्तू चुकून घरात आली आहे. त्याची बायको माणिकबाई हे दिवाळीपासून बघत होती आणि न बोलता बंद बांधून देत होती.

शालिकराम अकोल्याच्या बाजारात कापसाचा दलाल होता. तिथे भाव तोंडाने सांगत नसत. उपरण्याखाली समोरच्याची बोटं धरून ठरवत. अमेरिकेतल्या लढाईने कापसाला कधी नव्हे ती तेजी आलेली, आणि नेमका तेव्हाच शालिकरामचा हात एक भाव सांगू लागला, तोंड नंतर दुसरा. बाजार म्हणाला, तेजीने माणूस बेइमान झाला. दलाली सोडावी असं त्याला रोज वाटे. पण आत्ता सोडली तर चोरी कबूल केल्यासारखं होईल, म्हणून तो रोज जाई.

एका दुपारी कापूस घेणारा दाऊदभाई थेट घरीच आला.

"शालिकरामभाऊ, काल तीन बोटं धरली, अन् आज म्हणता चार! मले येडा समजून राहिले काय?"

माणिकबाई पदर सावरत पुढे आली.

"दाऊदभाऊ, हात द्या त्यायले. उपरणं नका टाकू. अन् अवो, तुमी तोंडानं चार म्हना अन् चारच धरा."

"चार," शालिकराम म्हणाला. हाताने तीन बोटं आवळली. मग सोडेचना.

"सोडा ना! तोडता काय?"

"मी नाई धरलं," शालिकराम पुटपुटला. "तो धरते."

माणिकबाईने नवऱ्याचा डावा हात पुढे केला. त्या हाताने चार बरोबर आले.

"मंग बाजारात डावा काहून देत नाई?" दाऊदभाईने विचारलं.

"डाव्या हातानं सौदा केला असता, त तुमीच पायतान काढलं असतं."

दाऊदभाई हसला, मग त्याने तो उजवा हात उलटसुलट करून पाहिला. अमरावतीच्या त्याच्या मामूचा हात असाच परका झाला होता. लोक बाहेरची बाधा म्हणाले, हकीम म्हणाला भेज्याचा आजार. पुढे मामूचं बोलणंही गेलं. दाऊदभाईने तेही लपवलं नाही.

"हा हात बरा होनार नाई, भाऊ. पन तुमी बेइमान नाई. समद्या बाजाराले मीच सांगतो. शिव्याही सगळ्यात जास्त मीच देल्या ना!"

शालिकरामचे खांदे खाली आले. कितीतरी दिवसांनी त्याने पुरता श्वास घेतला.

"दाऊदभाई," तो म्हणाला, "मंग हेही सांगा. दलाली सोडली म्या."