चांदरीची ऊब

कापडे गावाच्या वरच्या वाडीत मार्गशीर्षातली सकाळ उजेडाच्या आधी आवाजांनी सुरू होई. कोंडाजीच्या घरात पहिला आवाज चांदरीचा असे. कपाळावर पांढरा ठिपका असलेली ही म्हैस पहाटे एक दीर्घ सुस्कारा टाकी, उठून उभी राही आणि सगळे अंग झाडून घेई. मग त्याची बायको ठकूबाई चुलीतली राख बाजूला सारून रात्रीचे निखारे उघडे करी, वर कारवीच्या काटक्या रचून फुंकणीने फुंकर घाली. कोंडाजी घोंगडी खांद्यावर ओढून कुडाला पाठ लावून बसे. कारवीचा, मातीने लिंपलेला हा कूड कंबरेएवढाच उंच होता. त्याच्या अलीकडे माणसे आणि चूल, पलीकडे म्हैस, तिचे रेडकू आणि दोन बैल. सून बनुबाई चरवी घेऊन पलीकडे गेली की धारेचा आवाज येई, आणि तो ऐकत नात आवडी कुडाशी पाय टेकवून आणखी थोडी झोप काढून घेई.

या सगळ्यांत एकटा दत्ताराम वाकळीत तोंड खुपसून पडलेला असे. कोंडाजीचा हा मुलगा मुंबईला गिरणीत होता. धंदा मंदावल्यामुळे त्याच्या खात्यातल्या लोकांना शिमगा झाल्यावर या असे सांगून घरी पाठवले होते. पुष्कळ वर्षांनी त्याला घरच्या माणसांत सबंध हिवाळा मिळाला होता. मुंबईच्या खोलीत माणसे पाळीपाळीने झोपत. एकाने अंथरूण सोडले की दुसरा त्यातच शिरे. तिथे छताकडे बघत त्याने किती वेळा मनात हे घर रंगवले होते! त्या मनातल्या घराला पांढऱ्या भिंती होत्या, सगळी माणसे दिव्याभोवती बसलेली होती आणि गुरांचा वास अजिबात नव्हता.

चाळीत एकदा एका डॉक्टरांनी मॅजिक लँटर्नवर चित्रे दाखवून सांगितले होते, की माणसांनी आणि जनावरांनी एका छपराखाली राहू नये. ते दत्तारामला पटले होते, आणि त्यात गैर काहीच नव्हते. एके दिवशी जेवताना त्याने विषय काढला.

"बाबा, घरामागं गोठा बांधूया. गुरं तिकडं, आपण हिकडं."

कोंडाजीने भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला. "गुरांनी काय केलं रे तुझं?"

"काय केलं नाय. पण वास येतो."

"तुझ्या गिरणीत काय अत्तर पिंजतात?" ठकूबाईने विचारले, तशी बनुबाईने पदराआड हसू दाबले. पण कोंडाजी एवढेच म्हणाला, "पोराची हौस हाय. बांधूदे."

दत्ताराम कामाला वाघ होता. त्याने ऐनाचे खांब पुरले, कारवीचे कूड विणून मातीने लिंपले, वर पेंढ्याचे जाड छप्पर घातले. गोठा असा घट्ट झाला की आत वाऱ्याची झुळूक शिरेना. गुरे तिकडे गेल्यावर त्याने घरातला जुना कूड काढून टाकला, जमीन चोपून घेतली, पूर्वेच्या भिंतीत खिडकी पाडली आणि सर्व्हिस मोटारीने महाडला जाऊन चुना आणून सगळ्या भिंती पांढऱ्याशुभ्र केल्या. चुना काळा पडू नये म्हणून घरात शेकोटी करायची नाही, असेही त्याने सर्वांना बजावले. वाडीतली माणसे घर बघायला आली. कोंडाजी प्रत्येकाला खिडकीपाशी नेई आणि म्हणे, "बघा, इथनं डोंगर दिसतो." डोंगर त्या साऱ्यांच्याच दारातून दिसत होता, पण पाहुणे मान डोलवत.

पौष लागला आणि थंडी खरी उतरली. दरीतले धुके दुपारपर्यंत हलेना. रुंद झालेल्या त्या खोलीत चुलीची ऊब चुलीपुरतीच राही; ताटातली भाकरी दुसऱ्या घासाला गार होई.

प्रथम कोंडाजी गोठ्यात गेला. "चांदरी नव्या जागेत बुजते. सोबतीला जातो," असे सांगून त्याने घोंगडी उचलली. चार दिवसांनी ठकूबाई त्याची भाकरी पोचवायला म्हणून गेली आणि वाकळ नेण्यापुरतीच परत आली. आजीपाठोपाठ आवडी गेली; तिला रेडकाशेजारी झोपायचे होते. बनुबाई तेवढी नवऱ्याबरोबर राहिली, पण तिचे संध्याकाळचे धार काढणे रोज लांबू लागले. एकच म्हैस इतका वेळ कसे दूध देते, याचे दत्तारामला नवल वाटे.

अशाच एका संध्याकाळी तो मफलर गुंडाळून, स्वेटर घालून, कंदिलापुढे एकटा बसला होता. भिंती स्वच्छ होत्या. वास कसलाच नव्हता. मागच्या गोठ्यातून मोठा हशा ऐकू आला आणि त्यात आवडीचा आवाज निराळा ओळखू आला. शिमगा झाला की त्याला परत जायचे होते. ज्या माणसांसाठी घर पांढरे केले ती सगळी तिकडे होती, आणि तो मुंबईत होता तसाच परक्या अंथरुणावर बसल्यासारखा बसला होता. तो उठला आणि गोठ्यापाशी जाऊन त्याने दार ढकलले.

"दार लाव आधी! गारठा आत घेतोस काय?" ठकूबाई ओरडली.

आत फुटक्या मडक्यात निखारे फुलले होते आणि त्यांवर कंदमुळे भाजत होती. पेंढ्यावर सगळे दाटीवाटीने बसले होते. शेजारचा सोनबासुद्धा बायकोसकट येऊन बसला होता. बनुबाईची चरवी केव्हाच भरून बाजूला झाली होती. नवऱ्याला पाहताच तिने ती उगाच हातात घेतली.

"या मुंबैकर," सोनबा म्हणाला. "घर कुणाला भाड्यानं दिलंत?"

"देतो तुलाच," दत्ताराम म्हणाला.

"नको रे बाबा! त्या खोलीत मी चुन्यासारखा पांढरा पडेन."

सगळे हसले. दत्तारामही हसला. कोंडाजी चांदरीच्या कुशीला टेकून बसला होता. तो सरकला आणि आपली जागा त्याने मुलाला दिली. दत्ताराम बसला. म्हशीचे पोट संथपणे वरखाली होत होते, आणि त्या प्रचंड अंगाची ऊब स्वेटरमधून, सदऱ्यामधून त्याच्या पाठीत उतरू लागली. लहानपणी कुडाशी झोपताना हीच ऊब अंगावर येत असे.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "घरात गार वाटतं, हे बोलला का नाय?"

कोंडाजीने एक रताळे निखाऱ्यावरून काढले, या हातावरून त्या हातावर झेलत फुंकले आणि सोलून मुलापुढे धरले. "तुला तसं घर हवं होतं ना? हिवाळ्यापुरता तू पाव्हणा. ऱ्हाशील तवर तुझ्या मनासारखं असूदे म्हटलं. आमचं काय, आम्ही हितं मजेत हावो."

"आणि मी तिकडं एकटा?"

आपल्या चांगुलपणात एवढी एक गोष्ट राहून गेली, हे म्हाताऱ्याच्या तेव्हाच ध्यानात आले असावे. ठकूबाईने मात्र लगेच टोला दिला, "गोठ्याचं दार तूच लावलंस. उघडायला कुणी मना केलं होतं?"

दत्तारामने घास घेतला. रताळे कढत आणि गोड होते.

दुसऱ्या दिवशी सगळी माणसे वालाच्या शेंगा खुडायला खालच्या शेतावर गेली. दत्तारामने येत नाही म्हणून सांगितले. कारण कुणी विचारले नाही. ते वळणाआड गेल्यावर त्याने पहार घेतली. डॉक्टरांचे बोलणे त्याच्या डोक्यातून गेले नव्हते, म्हणून आधी त्याने खोलीच्या पूर्वेकडच्या भागात जमिनीला उतार दिला, सपाट दगड बसवले आणि मूत वाहून जायला भिंतीखालून पन्हळ काढली. मग जुने खांब पुन्हा पुरून कंबरेएवढा कूड उभा केला. या वेळी लिंपण जाड घातले. खिडकी त्याने बुजवली नाही. तिला एक फळी बसवली, दिवसा उघडता येईल आणि संध्याकाळी लावता येईल अशी. बैल नव्या गोठ्यातच राहू द्यायचे त्याने ठरवले. एकदा तो चुन्याच्या भिंतीकडे बघत थांबला. धुराने ती काळी होणार होती. त्याने शेकोटीसाठी मधोमध एक उथळ खड्डा खणला आणि त्याला कडेने दगड लावले.

दुपार कलल्यावर तो मागच्या गोठ्यात गेला. चांदरीने दोर ताणायला लावला नाही. उंबऱ्याशी जराशी थबकून तिने ओला कूड हुंगला आणि आपणहून आत गेली. रेडकू तिच्या मागोमाग धडपडत आले. दत्तारामने तिला बांधले, पुढ्यात पेंढा टाकला, आणि आईबापांची अंथरुणे आणायला तो पुन्हा गोठ्याकडे वळला. घोंगडी आणि वाकळ एका खेपेत मावली नाहीत, म्हणून तो दोनदा गेला. शेताकडच्या वाटेवर बायकांचे बोलणे ऐकू येऊ लागले तेव्हा त्याने खिडकीची फळी लावून घेतली आणि खड्ड्यात पहिली काटकी पेटवली.