पेत्राचं रडणं

आमचे ड्यूक रानडुकरामागे धावताना घोड्यावरून पडून मेले, आणि तेही गुड फ्रायडेच्या आधीच्या आठवड्यात. माणसाला मरायला कधी मुहूर्त लागत नाही, हे मला मान्य आहे. तरी माझा त्यांच्यावरचा राग गेलेला नाही.

ड्यूक गेले की मुलखात वर्षभर संगीत बंद. ऑर्गनला कुलूप, लग्नात व्हायोलिन नाही, घरात गुणगुणणंही नाही. ड्यूकना सुरांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सुतक मात्र सुरांनीच पाळायचं.

माझे बाबा, गॉटहेल्फ वार्मुथ, लाउटरस्टेटच्या चर्चचे संगीतमास्तर. दर रविवारी लागेल ते संगीत लिहायचं, मुलांकडून बसवून घ्यायचं, आणि सोमवारपासून पुढच्या रविवारचं. त्यातलं एकही त्यांना स्वतःला आवडत नसे. "घाईचा रस्सा," म्हणायचे. पण येशूच्या दुःखसहनाचं संगीत त्यांनी वर्षानुवर्षं मन लावून लिहिलं होतं. त्यात एक गाणं होतं पेत्राचं. येशूचा शिष्य पेत्र येशूला ओळखत नाही म्हणतो, येशूनं आधीच सांगितल्याप्रमाणे कोंबडा आरवतो, आणि पेत्र बाहेर जाऊन रडतो. ते गाणं ऐकायचं आणि मग खुशाल मरायचं, असं बाबा चारचौघांत सांगत. त्याच गुड फ्रायडेला ते होणार होतं.

त्याच वर्षी त्यांचे कान जायला लागले.

उन्हाळ्यात मी म्हटलं, "बाबा, मी गाते ना. स्वयंपाकघरात, दारं लावून. सगळ्या प्रती मीच उतरवल्यात, गाणं तोंडपाठ आहे मला."

"शेजारची एबर्सबाई भिंतीला कान लावून बसलेली असते."

"तिला काय कळतंय? मांजर ओरडलं म्हणेल."

"नको, जस्टे. ज्यांचं मीठ खाल्लं त्यांचं सुतक आहे. आणि ते पहिल्यांदा देवाच्या घरी वाजेल, कोबीच्या पातेल्यापाशी नाही."

झालं. बाबांनी एकदा नाही म्हटलं की नाही. मलाही चर्चमध्ये गाता येणार नव्हतंच, तिथे बायका गात नाहीत. तिथे ते गाणार होता बेकरचा टोबियास. त्याचा आवाज म्हणजे लोणी. माझा आवाज फक्त त्या स्वयंपाकघरापुरता होता, आणि तिथे बंदी होती.

नोव्हेंबरात मार्टिनच्या सणाला गल्लीतला हंस फिसकारत बाबांच्या मागे लागला. गल्लीभर लोक ओरडले. पोटरीला चावला तेव्हा बाबांनी वळून पाहिलं.

नाताळानंतर एका दुपारी ते आपणहून स्वयंपाकघरात आले, स्टूल ओढून माझ्यासमोर बसले.

"गा," म्हणाले.

मी गायले. आधी हळू, मग एबर्सबाईला आणि मेलेल्या ड्यूकलाही ऐकू जाईल इतकं मोठ्यानं. बाबा कान पुढे करून थांबले होते.

"सुरू केलंस का?" त्यांनी विचारलं.

त्यानंतर आम्ही पाटीवर बोलायला लागलो.

सुतक फिटलं आणि पुन्हा गुड फ्रायडे आला. ताल धरायला शाळेतले दुसरे मास्तर उभे राहणार होते. सकाळी कोट चढवताना बाबा म्हणाले, "पुरुषांच्या बाकावर मी तुझ्या अगदी समोर बसेन. तू तोंड लपवू नकोस. मी सगळं तुझ्या चेहऱ्यावर ऐकेन."

मी तोंड लपवलं नाही.

वर्षभर कोणी गळा उघडला नव्हता. वरच्या सज्जात कोरस एकमेकांना शोधत चालला होता. ओबो वाजवणारा पोट भरायला केव्हाच दुसऱ्या मुलखात गेला होता. त्याच्या जागी कोणीतरी बासरीवर धडपडत होता. मी चेहरा शांत ठेवला. बाबांच्या हाताची बोटं गुडघ्यावर ताल देत होती, आणि ताल वरच्या गोंधळापेक्षा बरोबर होता.

मग संगीतातला कोंबडा आरवला, आणि टोबियास पुढे आला. वर्षभरात पोरगा ताडमाड वाढला होता. पहिली ओळ कशीबशी गेली. दुसऱ्या ओळीत सूर वर चढला आणि त्याचा आवाज फुटला. अगदी आरवल्यासारखा.

"हा दुसरा कोंबडा," मागून कोणीतरी कुजबुजलं.

गुड फ्रायडे, हसायची सोय नाही. माणसांनी टोप्यांत तोंडं खुपसली, बायकांनी रुमालांत. पोरगा बिचारा लालबुंद होऊन गात राहिला आणि प्रत्येक चढाला आरवत राहिला. त्या भरल्या चर्चमध्ये ते गाणं खरं कसं आहे हे एकटीला मला माहीत होतं, आणि मी ओठ मिटून बसले होते. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते काही केल्या थांबेना. समोर बाबा माझ्याकडे एकटक बघत होते. मग त्यांनी हळूच आजूबाजूला पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

घरी येताना त्यांनी माझा हात धरला होता. कान गेल्यापासून ते फार मोठ्यानं बोलत. गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू गेलं असेल.

"बरोब्बर पेत्राच्या जागी रडलीस तू! आणि तू एकटी नाही, जस्टे. माझ्या बाकावर सगळ्यांचे खांदे गदगदत होते. बेकरसुद्धा! टोपीत तोंड घालून रडत होता माणूस. सगळं चर्च रडलं ना?"

मी पिशवीतून पाटी काढली.

"हो बाबा," मी लिहिलं. "सगळं चर्च."