अकरा वाजून दहा मिनिटं

पार्किन्सनमध्ये हात थरथरतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पुढे बुद्धीही मागे पडू शकते, आणि त्यावर जगभर कोण काय शोधतंय हे मोजणं हे लेकीचं काम होतं. तिच्या आलेखात शोधनिबंधांची रेघ दरवर्षी वर चढायची. घरी, पार्किन्सन झालेल्या तिच्या बाबांच्या बुद्धिचाचणीतल्या गुणांची रेघ मात्र वर्षभर सपाट होती, आणि तिला त्याचा कोण अभिमान! दर महिन्याला येऊन ती त्यांना घड्याळ काढायला लावी. वर्तुळ, बारा आकडे, अकरा वाजून दहा मिनिटं. बाबा कधी चुकले नाहीत.

खुपायचं ते निराळंच. साधं पाणी हवं असलं तरी बाबांची नजर वहिनीला शोधायची.

"आल्या का डॉक्टरीणबाई!" वहिनीने दार उघडलं. "पेशंट तयार आहे हं."

पेन्सिलीला टोक नव्हतं. शार्पनरसाठी लेकीने खण ओढला, तर आत पाठकोऱ्या कागदांची चळत. प्रत्येकावर घड्याळ. प्रत्येकात अकरा वाजून दहा.

"हे काय, वहिनी?"

"रोज चहा झाला की एक काढतो आम्ही. तू येणार असलीस की दोन. लेकीसमोर नापास व्हायचं नाही म्हणतात."

वर्षभराचे गुण मातीमोल झाले होते. पण तिचा जळफळाट झाला तो त्यासाठी नाही. वहिनीच्या वाट्याला साडेतीनशे सकाळी, आणि तिच्या वाट्याला बारा!

"बाबा, आज पावणेचार काढा."

बाबांनी वर्तुळ काढलं, बारा आकडे भरले. मग एक काटा अकरावर नेला, दुसरा दोनवर, आणि शाबासकीसाठी मान वळवली, वहिनीकडे.

वहिनीचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच घोळ घातला?"

'हो' अगदी जिभेवर आलं होतं. लेकीने ते गिळलं.

"डॉक्टरांना खरं सांगावं लागेल. आणि ही घड्याळं आता बंद."

"मग सकाळी आम्ही करायचं काय?"

पुन्हा 'आम्ही'.

"मी आठवडाभर राहतेय. चहानंतर मी बसेन बाबांजवळ."

"आणि ही?" बाबांनी वहिनीकडे बोट केलं.

"तीही बसेल," लेक म्हणाली, आणि स्वतःच उठून तिच्यासाठी खुर्ची ओढली. बाबांच्या दुसऱ्या बाजूला.