व्याधाचा हेलकावा

“मॅडम, या दोघांत ऐकतं कोण कोणाचं?”

तोंड माझं होतं, प्रश्न मात्र मागच्या बाकावरच्या तिघींचा. वेधशाळेच्या मॅडम शाळेत व्याख्यानाला आल्या होत्या. पडद्यावर व्याध होता, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, आणि त्याला अगदी खेटून टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. व्याध एकटा नाही, ती जोडी आहे, असं मॅडम म्हणाल्या आणि मागे खुसखुस सुरू झाली.

“विचार ना, घरात चालतं कोणाचं ते.”

“ही विचारतेय! गेल्या वर्षी हजेरीला ‘हजर’ म्हणताना हिचा घसा बसायचा.”

एवढं ऐकलं आणि मी उभीच राहिले.

सभागृह हसलं. मॅडम हसल्या नाहीत. “कोणीच कोणाचं ऐकत नाही,” त्या म्हणाल्या. “दोघंही मधल्या एका बिंदूभोवती फिरतात. धाकटा आकाराने आपल्या पृथ्वीएवढा, पण वजनाला थोरल्याच्या निम्मा. म्हणून थोरलाही जागेवर राहत नाही, हेलकावतो. माणसांना आधी तो हेलकावा कळला. धाकटा दिसला बऱ्याच वर्षांनी.”

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “हे मला कोणी करून दाखवेल? धाकटा दिसता कामा नये, पण तो आहे हे कळलं पाहिजे. ज्याला जमेल, त्याला सुट्टीभर वेधशाळेत माझ्या हाताखाली घेईन. जागा एकच आहे.”

ती जागा मला हवी होती. इतकी, की मागच्या तिघी काय कुजबुजतायत तेही मला ऐकू येईना.

आता आमच्या घराचं सांगते. आमचं चाकं बॅलन्स करायचं दुकान आहे. गाडी वेगात थरथरायला लागली की लोक आमच्याकडे येतात. बाबा चाक मशीनवर चढवतात, गरगर फिरवतात, कुठे वजन कमी पडतंय ते मशीन दाखवतं आणि तिथे रिमच्या कडेला बाबा शिशाचा तुकडा ठोकतात. थरथर गायब. बाबांच्या हाताखालून गेलेलं चाक पुन्हा थरथरलं, असं सांगत कोणी परत आलेलं नाही. फुशारकी वाटली तर वाटू दे, आहेच.

अडचण एकच. यंदाच्या सुट्टीत मी मशीन शिकायची, हे बाबांनी कधीच ठरवून टाकलं होतं. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे, “सुट्टी लागू दे, माझी लेक उभी राहणार इथे.” वेधशाळेचं ऐकल्यावर ते चाकावरची नजर न काढता म्हणाले, “आधी बनव तर खरी. जागेचं मग बघू.”

पण बनवायला तेच सगळ्यात पुढे. थोरला तारा म्हणजे वाळू भरलेला पांढरा लाकडी गोळा. धाकटा म्हणजे ट्रकच्या बेअरिंगमधली पोलादी गोळी, काळी रंगवलेली. दोघांना जोडणारा दांडाही काळा. पांढरा गोळा आम्ही एका फिरत्या चक्राच्या मधल्या खुंटीवर बसवला, दांडा धाकट्यासकट एका बाजूला आडवा ठेवला आणि फिरवून पाहिलं, तर सगळं टेबल नाचायला लागलं.

“अहो, बाहेर चार गाड्या खोळंबल्यात आणि तुम्ही आकाश बॅलन्स करताय,” आई काउंटरवरून म्हणाली.

“झालंच,” बाबा म्हणाले. त्यांनी पांढऱ्या गोळ्याला, दांड्याच्या उलट बाजूने, शिशाचा जाड तुकडा चिकटवला. पुन्हा फिरवलं. असं फिरलं की पेला ठेवला असता तरी पाणी हललं नसतं. आम्ही दोघांनी टाळी दिली.

दाखवायच्या दिवशी वर्गाचे पडदे ओढले होते. मागे काळं कापड. आई-बाबा दुकान बंद ठेवून आले होते, बाबा इस्त्रीच्या शर्टात. मी चक्र फिरवलं. काळ्या कापडावर पांढरा गोळा जागच्या जागी फिरत राहिला, संथ, देखणा.

“छान फिरतोय,” मॅडम म्हणाल्या. “पण मला तर हा एकटाच वाटतोय. सोबती कुठे आहे?”

आम्ही नेमकं तेच मारलं होतं जे दाखवायचं होतं. दुसऱ्या कोणाच्या घरी ही चूक झालीच नसती. आमच्या घरात थरथर दिसली की हात आपोआप शिशाकडे जातो.

मागच्या तिघींपैकी एकजण कुजबुजली, “बस खाली आता.”

मी नाही बसले. “थोडं थांबा,” म्हटलं आणि चक्र अडवलं. शिसं ओरबाडून काढलं. दांडा गोळ्यांसकट उचलला आणि बाबांनी शिकवलं होतं तसा, आधी पांढऱ्या गोळ्याखाली बोट धरून, तोलला. धाकट्याच्या वजनाने तो कलला, म्हणून मी बोट त्याच्या बाजूला सरकवत नेलं आणि एका जागी दांडा आडवा थांबला. पांढऱ्या गोळ्याच्या जवळ, पण त्याच्या बाहेर. तीच जागा खुंटीवर कसली आणि फिरवलं.

टेबल हललं नाही. पांढरा गोळा मात्र इकडून तिकडे, तिकडून इकडे, कोणीतरी हात धरून ओढत असल्यासारखा झुलत होता. ओढणारा दिसत नव्हता.

“आहे,” मॅडम म्हणाल्या. “धाकटा आहे.” आणि चक्र थांबेपर्यंत बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, “सुट्टीत ये. घरी विचारून मला कळव.”

दुकानात परतल्यावर बाबांनी शटर वर केलं, पण मशीन चालू केलं नाही. “शिसं मी लावलं होतं,” ते म्हणाले. “तुझं काम बिघडलं असतं.”

“तुम्ही नसता तर फिरलंच नसतं,” मी म्हटलं.

“आणि तोलून कसं बघायचं, ते हिला शिकवलं कोणी?” आई म्हणाली. “बोलायचं तर दोन्ही बोला.”

बाबा हसू दाबत हात पुसत राहिले. त्यांचा चेहरा मला वाचता येतो. अभिमान होता, आणि सुट्टीही डोक्यात होती.

“आई, बाबा, ऐका,” मी म्हटलं. “मशीन मी शिकेन की नाही, ते आज मला माहीत नाही. पण या सुट्टीत मी वेधशाळेत जाणार. मॅडमनी विचारायला सांगितलंय, पण मी विचारत नाहीये. सांगतेय.”