कढई गप्प होते तेव्हा

वस्तादांचा निरोप समारंभ आजवर तीनदा झाला होता. दर वेळी मिठाईच्या दुकानाच्या मालकांनी भाषण केलं, डोळे टिपले आणि भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. दर वेळी आठवड्याच्या आत 'चार दिवस येऊन जा' असा निरोप आला. वस्तादांच्या घरी आता तीन घड्याळं तीन वेगवेगळ्या वेळा दाखवत होती. बायको सगळ्यांत पुढे असलेल्यावर विश्वास ठेवून त्यांना कामाला पिटाळी.

घोडं अडलं होतं अंजीर-खजुराच्या वडीपाशी. दुकान चालायचं ते त्या वडीवर. बिया काढलेला खजूर, भिजवून वाटलेलं अंजीर, तुपात परतलेले काजू-बदाम. यात लपवण्यासारखं काही नव्हतं. सगळी मेख कढई उतरवण्यात होती. मिश्रण आधी फदफदतं, मग चिकट कुरकुर करतं आणि एका क्षणी सराट्याखाली गप्प होतं. तेव्हा उतरवली तर वडी, नाहीतर वीट. मालकांच्या चिरंजीवांनी दोनदा हात चालवून पाहिला होता, पण कान फोनला दिलेला. मागचं दार अडवायला त्यातलीच एक वडी अजून कामी येत होती.

वस्तादांचा उजवा खांदा आता वर होत नव्हता. सकाळी सदरा चढवायलाही बायको लागे. सुटायचंय, असं ते इतक्या वर्षांत इतक्यांदा म्हणाले होते की लोक त्याला त्यांचा खोकला समजत.

शेवटी मालकांची सून पुढे झाली. महिनाभर तिने वस्तादांशेजारी उभं राहून पाहिलं आणि नवऱ्याला न जमलेली गोष्ट केली. तोंड मिटून ढवळलं.

आज अख्खी कढई तिने एकटीने उतरवली, वड्या पाडल्या आणि पहिली वस्तादांपुढे धरली. मालक म्हणाले, निकाल तुमचा. तुम्ही हो म्हणालात की तुम्ही मोकळे.

वस्तादांनी वडी तोंडात टाकली. दात मोजकेच असल्यामुळे निकालाला वेळ लागला.

"जरा कच्ची आहे," ते म्हणाले.

मालकांचा जीव भांड्यात पडला. असल्या कामाला जन्म जावा लागतो, असं सुनेला ऐकवून ते बाहेर गल्ल्यावर गेले. चिरंजीवही बायकोकडे समाधानाने पाहून त्यांच्या मागे गेले.

सून कढई घासायला घेत हळूच म्हणाली, "काका, ती गप्प झाली होती. मी ऐकलं."

"मीही ऐकलं," वस्ताद म्हणाले.

ती कढई घासू लागली. भांडली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. ते थोडा वेळ तिची पाठ बघत राहिले. मग खांदा धरून उठले आणि बाहेर गेले.

"मालक, मघाशी खोटं बोललो. वडी बरोबर आहे. माझ्यापेक्षा बरी आहे."

मालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. गिऱ्हाईक खोळंबलं होतं म्हणून भाषण राहून गेलं.

वस्तादांनी कमरेचं फडकं सोडलं. अकरा वाजले होते. अकरा वाजता माणूस कुठे जातो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. नेहमीच्या मागच्या दाराऐवजी ते पुढून बाहेर पडले आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर टेकले.

मालक खाली मान घालून पुडा बांधत होते. सवयीने म्हणाले, "काय देऊ?"

"काही नको," वस्ताद म्हणाले. "बसतो जरा."