मी छाटलेली सूर्यफुलं

मित्रांनो, विळा दिसला की तुम्ही हात मागे घेता. घ्या बापडे! पण मी आता इतका म्हातारा नि गंजका विळा आहे, की माझ्याने साधी काकडीही चिरवणार नाही.

आता शहरात मिसळलेलं बेसा गाव साधं खेडं होतं तेव्हाची गोष्ट. तिथल्या लोहाराने मला बैलगाडीच्या चाकाच्या मोडक्या लोखंडी धावेतून घडवलं. विकत घेतलं देवाजीने, पण मी नांदलो त्याच्या बायकोच्या, कौसल्येच्या हातात. त्यांचं तंबाखूचं शेत होतं. तंबाखूला कळी आली की ती छाटायची, म्हणजे सारा जोर पानांत उतरतो. या कामात कौसल्येचा हात धरणारं कोणी नव्हतं. लोक तिची वाहवा करत आणि मी उगाच फुशारत असे.

पण तंबाखूच्या ओल्या पानांचं विष अंगात भिनून तिला भोवळ यायची, उलट्या व्हायच्या. दर हंगामात ती निम्मी होई. देवाजीला ते बघवेना. १९७६ साली नवी पिकं शिकवत फिरणारे रुपराव गावात आले, तेव्हा त्याने दहा गुंठ्यांत सूर्यफूल पेरलं. हे जमलं, की तंबाखू कायमची बंद! रुपरावांनी ओट्यावर बसून त्याला सगळं समजावलं. कौसल्या आत चहा करत होती.

पीक तरारलं. पानं अशी रुंद, की ती हरखून गेली. कळ्या धरल्या आणि नेमका देवाजी दोन दिवस लकडगंजला भाचीच्या लग्नाला गेला. तो परत येईपर्यंत आम्ही दोघांनी एकूण एक कळी उतरवली होती.

"काहून वं, हे काय केलं?"

"कळ्या छाटल्या जी. आता पानं पोसतीन," ती हसून म्हणाली.

देवाजी बांधावर मटकन बसला. "अवं, याच्या त फुलातच दाने भरते!"

"मले कोनं सांगतलंच नाई," एवढंच ती बोलली.

देवाजी ओरडला नाही. पुढल्या वर्षी तो पुन्हा सूर्यफुलाचं बियाणं आणायला निघाला, तर तिनेच त्याला अडवलं. "नोका आनू जी. तंबाखूच लावा. ते तरी मले येते."

त्यानंतर चार हंगाम ती तंबाखूत राबली. पाचवा यायच्या आधीच ती गेली.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. एवढंच मागतो, की कुणाला नवं काम शिकवाल, तेव्हा ज्याच्या हातून ते होणार आहे, त्याला समोर बसवून शिकवा. माझ्या कौसल्येला कोणी सांगितलं असतं ना, तर ती फुलं तिने जिवापाड जपली असती.