नऊ वलयांचं दशक

संपादकांच्या पत्रात दोनच ओळी होत्या. आईने कळवलेल्या रानाच्या कथेला दुसरा आधार मिळत नाही, त्यामुळे ती कल्पित मानून लोककथांच्या संग्रहातून वगळत आहोत. आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या आईने 'कल्पित' या शब्दाखाली लाल पेनाने रेघ मारली आणि पत्र मुलीपुढे सरकवलं.

"म्हणजे मी थापा मारते."

"असं कुठे लिहिलंय, आई?"

"लिहायची हिंमत नाही, म्हणून नाही लिहिलं."

गोष्ट आईला तिच्या मामांनी सांगितलेली. मामा टेकडीखालच्या लाकडाच्या गिरणीत आरा चालवायचे. काळ एकदा टेकडीवरच्या रानात झाडांची वयं मोजायला आला. झाडांनी भर वाढीच्या दिवसांत अंगावरची सगळी पानं उतरवून टाकली. ही तर मेलेलीच, असं समजून काळ माघारी गेला. तेवढं एक वर्ष रानाने दडवून ठेवलं. म्हणून तिथलं प्रत्येक झाड खऱ्या वयापेक्षा एक वर्षाने लहान.

मुलीने ही गोष्ट लहानपणापासून शंभरदा ऐकली होती. त्या दिवशी जेवताना आईने ती पुन्हा सांगितली, तेव्हा मात्र ती अर्धं जेवण टाकून ताटावरून उठली.

खोडातली वार्षिक वलयं मोजणं हेच तिचं काम. त्याच रानातल्या चाळीस झाडांतून काढलेले पेन्सिलीएवढे नमुने सहा महिने तिच्या कपाटात पडून होते. लागवडीच्या सालापासून मोजलं की प्रत्येकात एक वलय कमी भरायचं. प्रयोगशाळेतले सहकारी म्हणायचे, "मोजणीबाई, चष्मा बदला." तीनदा मोजून झाल्यावर तिलाही चूक आपलीच वाटली आणि तिने विषय मिटवला होता.

दुसऱ्या दिवशी तिने पलीकडच्या उतारावरच्या, वेगळ्या जातीच्या झाडांचे नमुने शेजारी मांडले. वाईट वर्षांची वलयं बारीक, चांगल्या वर्षांची जाड, दोन्हीकडे सारखीच. तेहतीस वर्षं जोडी जुळत गेली. चौतिसाव्या वर्षी पलीकडे वलय होतं, टेकडीवर नव्हतं. ते एक सोडलं की पुढे सालीपर्यंत सगळं पुन्हा जुळत होतं. वनखात्याच्या त्या सालच्या अहवालात एक वाक्य सापडलं: अळ्यांनी टेकडीवरचं रान बोडकं केलं, पलीकडच्या झाडांना मात्र हात लावला नाही. पानं नाहीत, तर लाकूड कुठून वाढणार?

पण हे मामांना कसं कळलं? ती गिरणीत गेली. तिथल्या कारकुनाने जेवणाच्या खोलीतल्या भिंतीकडे बोट दाखवलं. "तुमच्या मामाआजोबांचं एवढंच आहे. नवे लोक घड्याळ समजून वेळ बघायला जातात."

ती खोडाची रोगण दिलेली चकती होती. मध्यभागी लागवडीचं साल डागलेलं, कडेला तोडीचं. दर दहा वर्षांना एक पितळी खिळा. तिसऱ्या आणि चौथ्या खिळ्याच्या मध्ये नऊच वलयं होती आणि तिथे चाकूने एक बिनपानाचं झाड कोरलेलं होतं. तिने चार वेळा मोजलं. मग भिंतीला टेकून एकटीच हसत बसली. अळ्यांचं वर्ष मामांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. मोठेपणी आऱ्याखालच्या ओंडक्यात ते सापडेना, तेव्हा त्यांनी त्याची गोष्ट केली.

शुक्रवारी दोघी गिरणीतून मागून आणलेली चकती घेऊन संपादकांच्या खोलीत बसल्या. संपादकांनी खिळ्यांमधली वलयं भिंगातून स्वतः मोजली, सावकाश, ओठ हलवत.

"नऊ," ते म्हणाले. "पण गोष्ट मामांची, खिळेही मामांचे. बाई, साक्षीदार एकच झाला."

आईचा चेहरा पडला. मुलीने पिशवीतून नमुन्यांची पेटी काढून टेबलावर उघडली.

"हे आणखी चाळीस."

तिने त्यांना चौतिसावं वर्ष दाखवलं, पहिल्या नमुन्यात, मग दुसऱ्यात. सातव्यानंतर ते स्वतःच शोधू लागले.

"खिळे बघून तर तुम्ही जागा ठरवली नाही ना?"

"नमुने सहा महिन्यांपूर्वीचे आहेत. लागवडीच्या सालाशी जुळेनात, हे तेव्हाच वहीत तारखेनिशी लिहिलंय. चौतिसावं वर्ष सापडलं पलीकडच्या झाडांवरून. चकती मी परवा पाहिली."

संपादकांनी वही वाचली. तारखा वाचल्या. पुन्हा भिंग उचललं आणि खाली ठेवलं.

"तीस वर्षं मी कथा गोळा करतोय," ते म्हणाले. "उगमापर्यंत एकही गेली नव्हती. ही जाते, आणि तिथे आरा चालवणारा माणूस उभा आहे." त्यांनी कपाटातून छपाईचं बाड काढलं आणि पहिलंच पान बाजूला केलं. "संग्रह हिच्यापासून सुरू करू. तुमच्या मामांच्या नावाने."

आईने पदर सावरला. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज वर्गातला होता.

"मग मी सांगते, तुम्ही लिहून घ्या. मध्ये बोलायचं नाही, आणि काळाला कुठेही अळ्या म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार, बाई," संपादक म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं.